मागेल त्याला हवा

मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहायला आलेल्या निवृत्त मराठी माणसाचे सगळे कार्यक्रम पहिल्या पंधरवड्यात उरकतात. डिस्नेलँड होतं, देऊळ होतं, कॉस्टको होतं, मंडळाच्या कार्यक्रमात थंड बटाटेवडा खाऊन होतो, आणि मग समोर उरते ती दुपार. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, बायको फोन हातात घेऊन भारत जागा व्हायची वाट बघत. रस्त्यावर माणूस दिसत नाही. दिसलाच तर तो पळत असतो, त्याला थांबवून "काय, कुठवर?" असं विचारायची सोय नसते. अशा माणसाच्या हाती एखादं मोडकं यंत्र लागलं तर घरातल्या सगळ्यांचंच भलं होतं.

माझ्या हाती पाणबुड्यांचा रेग्युलेटर लागला. तारकर्ली-मालवणला जाऊन जे 'स्कूबा' करून आले आहेत त्यांनी तो दातांत धरलेला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. पाठीवरच्या टाकीत हवा साधारण २०० बार दाबाने कोंबलेली असते, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये असते त्याच्या नव्वद-शंभर पट. ती तशीच तोंडात सोडली तर माणूस खाली जायच्या आधी कायमचा वर जाईल. म्हणून तो दाब टप्प्याटप्प्याने उतरवायचा, माणूस जितक्या खोलीवर असेल तिथल्या पाण्याच्या दाबाइतका करायचा, आणि त्याने श्वास ओढला की तेव्हाच आणि तेवढीच हवा द्यायची. आपल्या स्वयंपाकघरात सिलिंडरवर बसलेला असतो तो याचा सख्खा भाऊ. त्याच्याही पोटात पडदा, स्प्रिंग आणि झडप हेच त्रिकूट असतं. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आपल्या सरकारने २०१६ साली काढली. 'मागेल त्याला हवा' ही त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू आहे, आणि तिला सातबारा जोडावा लागत नाही.

शेजारच्या घरात एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ राहतात. तरुणपणी ते इथल्याच, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या, एका डायव्हिंगच्या दुकानात मागच्या बाकावर बसून रेग्युलेटर उघडायचे. समोरचं गिऱ्हाईक दुसरे लोक बघायचे, कारण यांचं तोंड फटकळ. त्यांनी गराज आवरायला काढलं तेव्हा खोक्यातून दोन वस्तू निघाल्या. एक गोल, पितळी, क्रोमचा मुलामा उडालेली, दोन्ही बाजूंनी वळ्यावळ्यांच्या रबरी नळ्या लोंबणारी डबी, आणि एक त्यानंतरच्या जमान्यातला एका नळीचा 'कॉनशेल्फ'. मी विचारलं, हे काय? त्यांनी विचारलं, तू काय करायचास? मी म्हटलं, चिंचवडच्या कारखान्यात ट्रकच्या ब्रेकच्या हवेच्या झडपा तपासायचो. त्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त बाकावरचा पसारा एका हाताने सरकवून माझ्यासाठी स्टूल ठेवलं. तेव्हापासून मी त्यांना मनातल्या मनात उस्ताद म्हणतो. तोंडावर म्हणायची सोय नाही. अर्थ विचारला तर चढून बसतील.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला पोहता येत नाही. मी माणदेशातला. आमच्याकडे विहिरीत पाणी असायचं ते बघायला खाली वाकावं लागायचं, उडी मारण्याचा प्रश्न नव्हता. पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा याचं यंत्र मी दुरुस्त करायला बसलो हे बायकोने पुण्याला फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. पण उस्तादांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, पोहणाऱ्याला यंत्र नीट करायची घाई असते, कारण शनिवारी समुद्रावर जायचं असतं. तुला कुठे जायचंय?

या डबीची कुळकथा मोठी मजेची आहे. १९४२ साल, जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस. पेट्रोल मिळत नाही म्हणून लोक मोटारी गॅसवर चालवत होते. इंजिन मागेल तसा गॅस कमीजास्त सोडणारी एक झडप 'एअर लिकीद' या कंपनीतल्या एमिल गान्याँ नावाच्या इंजिनिअरने बनवली होती. इकडे झाक-ईव्ह कुस्तो हा फ्रेंच आरमारातला किडकिडीत अधिकारी पाण्याखाली मोकळेपणाने फिरता येईल असं साधन शोधत होता. दोघांची गाठ पडली, कारण कुस्तोची बायको सिमोन हिचे वडील त्याच कंपनीत वरच्या जागेवर होते. म्हणजे सागराच्या पोटातल्या जगाचं दार उघडलं ते सासऱ्याच्या वशिल्याने. जावयाचे लाड पुरवायची पद्धत फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. कुस्तोने आपली गरज सांगितली तेव्हा गान्याँने बेकलाईटची एक छोटी डबी पुढे केली आणि विचारलं, असंच काहीतरी का?

असंच काहीतरी होतं, पण अगदी तसंच नव्हतं. थंडीच्या दिवसांत पॅरिसजवळच्या मार्न नदीत त्यांनी पहिला नमुना बुडवून पाहिला. कुस्तो आडवा पोहत होता तोवर सगळं उत्तम. तो उभा राहिला की हवा धो धो वाहून वाया जायला लागली. डोकं खाली, पाय वर केले की श्वास मिळेना. म्हणजे यंत्र एकतर उधळं होत होतं, नाहीतर चिक्कू. घोळ असा होता, की आत हवा सोडायचं ठरवणारा पडदा एका जागी होता आणि सोडलेला श्वास बाहेर टाकणारी झडप वीतभर दूर दुसऱ्या जागी. पाण्यात वीतभर वरखाली म्हणजे दाबात तेवढा फरक. माणूस उभा राहिला की बाहेरची झडप वर, तिथे दाब कमी, म्हणून हवा तिकडे पळणार. उलटा झाला की तीच झडप खाली, तिथे दाब जास्त, म्हणून हवा अडणार. पॅरिसला परत जाता जाताच त्यांच्या लक्षात आलं, की बाहेरची झडप पडद्याला अगदी खेटून बसवायची. एवढंच. १९४३च्या जूनमध्ये भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर कुस्तो ते सुधारलेलं यंत्र घेऊन उतरला. सिमोन पाण्यावर तरंगत, तोंडात नळी धरून, वरून त्याच्यावर नजर ठेवून होती. नवरा काय करतो आहे यावर वरून नजर, ही व्यवस्था माझ्या ओळखीची आहे.

न्यायाने सांगायचं तर कल्पना त्यांची एकट्यांची नव्हती. बन्वा रुकेरोल नावाच्या फ्रेंच खाणीतल्या इंजिनिअरने आणि ओग्युस्त दनेरूझ या आरमारी अधिकाऱ्याने १८६०च्या दशकातच मागणीप्रमाणे हवा देणारी झडप केली होती, आणि ज्यूल व्हर्नने समुद्राखालच्या आपल्या कादंबरीत त्यांचं नाव घेऊन ती वापरली आहे. फक्त त्या काळी २०० बार हवा सांभाळणारी टाकी पाठीवर घेता येत नव्हती. झडप तयार, पण भरायला हवा नाही. आपल्याकडच्या नळपाणी योजनेचंही पुष्कळदा असंच होतं.

उस्तादांची दोन नळ्यांची डबी ही त्या कुळातली अमेरिकन नात. १९५८ ते १९६१ या काळात इथे टीव्हीवर 'सी हंट' नावाची मालिका लागायची. तिचा नायक लॉइड ब्रिजेस दर भागात दोन नळ्यांचा रेग्युलेटर लावून पाण्यात उडी घ्यायचा आणि कुणाला तरी वाचवायचा. ती बघून अर्ध्या कॅलिफोर्नियाने हे यंत्र विकत घेतलं, असं उस्ताद म्हणतात. उरलेल्या अर्ध्याने ते त्यांच्याकडे दुरुस्तीला आणलं असावं, कारण त्या काळच्या आठवणी सांगताना त्यांचा चेहरा अजून दमल्यासारखा होतो.

आता प्रत्यक्ष काम. जुना रेग्युलेटर हातात आला की आधी तो उघडायचा नाही, त्याच्या तोंडाशी बघायचं. टाकीला बसतो त्या ठिकाणी ब्राँझची एक बारीक जाळीची गोटी असते, हवा गाळायला. ती करडी-पिवळट असेल तर नशीब चांगलं. हिरवी असेल तर कुणीतरी टोपण न लावता यंत्र खाऱ्या पाण्यात बुडवलेलं आहे आणि आत मीठ बसलंय. तांबूस असेल तर टाकीच आतून गंजलेली होती. त्या एवढ्याशा गोटीवरून उस्ताद आधीच्या मालकाचा स्वभाव सांगतात, आणि एखाद-दुसऱ्याच्या लग्नाबद्दलही त्यांनी तर्क केलेला मी ऐकला आहे.

आमची गोटी हिरवी होती. आतलं पितळ सगळं कळकलेलं. त्यावर उपाय व्हिनेगर. माझी आई तांब्याला चिंच लावायची, तत्त्व तेच. साधं पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून घ्यायचं, सुटे केलेले पितळी भाग त्यात टाकायचे आणि घड्याळ बघत बसायचं. बुडबुडे येतात, हिरवं सुटतं. पण विसरून चहाला जायचं नाही. जास्त वेळ राहिलं तर पितळातलं जस्त निघून जातं आणि वर तांब्याची गुलाबी झाक येते. कुणा घाईच्या माणसाने असाच गुलाबी केलेला एक भाग उस्तादांनी बरणीत जपून ठेवला आहे. नवीन शिष्य आला की बरणी दाखवतात. मग स्वच्छ पाण्यात धुणं, वाळवणं, फुंकून पाणी काढणं. घरातलं व्हिनेगर संपतं. सून विचारते, बाबा, लोणचं घालताय का? हो म्हणावं हे सोपं पडतं.

रबराच्या वस्तूंत जुनं ते सोनं हा नियम चालत नाही. ओ-रिंगा सगळ्या टाकायच्या, पडदा टाकायचा, नळ्या टाकायच्या. नळी हाताने ताणून वळ्यांच्या खोबणीत बघितलं की बारीक भेगा दिसतात. आपण म्हणतो चालेल, आणि ती म्हणते वीस मीटरवर सांगते. नशीब असं की या जुन्या डब्यांचे वेडे लोक आहेत म्हणून त्यांच्यासाठी नव्या नळ्या आणि सिलिकोनचे नवे पडदे आजही कुणी ना कुणी बनवतं. ओ-रिंग काढायची ती पितळेच्या किंवा लाकडाच्या टोकाने, पोलादाच्या नाही. खोबणीत पोलादाचा एक ओरखडा उठला की ती जागा जन्मभर गळणार. मशीनच्या तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही, कारण ती हवा माणसाच्या फुप्फुसात जायची आहे. सिलिकोनचं वंगण, तेही बोटाला लागलंय की नाही असा संशय येईल इतकंच. चिंचवडला आमचे फोरमन ग्रीसचा डबा हातात दिला की म्हणायचे, लग्नाची पंगत नाही ही. इथे तेच ऐकलं, इंग्रजीतून, आणि कारखाना सुटल्यापासून पहिल्यांदा मला घरच्यासारखं वाटलं.

सगळं पुन्हा बसवलं की पहिल्या टप्प्याचं तपासायचं. हा टप्पा २०० बारचा दाब उतरवून साधारण ९ ते १० बारवर आणतो; दोन नळ्यांच्या जुन्या डबीत त्याहून थोडा कमी. त्याला दाबाचं घड्याळ जोडायचं आणि टाकी उघडायची. काटा चढतो आणि थांबतो. थांबला पाहिजे. मग थोडी हवा सोडायची; काटा पडतो, परत चढतो आणि पुन्हा त्याच जागी थांबतो. चांगला असेल तर टचकन थांबतो, हलत नाही. वाईट असेल तर थांबल्यासारखं करतो आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून हळूहळू वर सरकायला लागतो. असा सरकणारा काटा बघत दोन म्हातारे मान पुढे काढून न बोलता बसलेले असतात. एकदा माझी नात आली, बघून गेली आणि आजीला जाऊन म्हणाली, आजोबा घड्याळ बघतायत पण ते वेळ दाखवत नाही.

काटा सरकतो याचा अर्थ आतली सीट आणि तिच्यावर टेकणारी धार यांचं जमत नाही. धारेवर डोळ्यांना न दिसणारा टवका असतो, नाहीतर सीटवर जुन्या धारेचा गोल वळ खोल उमटलेला असतो. भिंगाखाली बघायचं, अगदी बारीक पॉलिश कागदाने धार साफ करायची, सीट नवी घालायची. या यंत्राबद्दल मला आदर वाटतो तो या ठिकाणी. पहिल्या टप्प्याने असं जास्त दाब पुढे सरकवला, तर दुसऱ्या टप्प्याची झडप त्या दाबाने आपोआप उघडते आणि हवा वाहायला लागते. बहुतेक रेग्युलेटर अशा रीतीने बांधलेले असतात. म्हणजे बिघडला तर तो देत सुटतो. दार लावून बसत नाही. हवा वाया जाते, पण माणूस वर येतो.

खरी कसोटी दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे तोंडाशी असणाऱ्या झडपेची. पडदा, त्याखाली एक दांडी, दांडीच्या टोकाला झडप, झडपेला मागून रेटणारी स्प्रिंग. श्वास ओढला की पडदा आत येतो, दांडी दाबतो, झडप उघडते. दांडी फार उंच असली तर झाकण बसवताच हवा गळते. फार खाली असली तर डबी कानाशी धरून हलवली की खुळखुळ ऐकू येते आणि खोलवर हवा अपुरी पडते. दांडीने पडद्याला नुसतं शिवायचं. आणि मग यायचं मुख्य प्रश्नाकडे: झडप उघडायला किती जोर लागावा?

हा जोर पाण्याच्या उंचीत मोजतात. त्यासाठी महागडं उपकरण मिळतं, पण उस्ताद म्हणतात स्वयंपाकघरातलं सिंक आणि शाळेतली पट्टी बस झाली. टाकी ओट्याशी उभी करायची. सिंक भरायचं. रेग्युलेटर तोंडाची बाजू वर आणि पडदा खाली असा आडवा धरून हळूहळू पाण्यात सोडायचा. पडदा जसा खाली जातो तसा त्याच्यावर पाण्याचा भार वाढतो, आणि एका खोलीला झडप हार मानते, सूं करून हवा सुटते. पट्टीवर बघायचं, किती बुडाला? एक ते दीड इंच असेल तर उत्तम. सून कामावरून आली तेव्हा ओट्याशी टाकी, सिंकमध्ये नळ्या, पाण्यात डोळा लावून सासरा आणि हातात नातवाची पट्टी घेऊन शेजारी असं दृश्य होतं. तिने पर्स ठेवली, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, भाजी निवडायची तर बाथरूममध्ये निवडू का?" एवढ्या समजूतदार मुलीला त्रास नको म्हणून आम्ही त्यानंतर बादलीवर आलो.

दीड इंच आल्यावर थांबावं की नाही? थांबावं. पण थांबवत नाही. सव्वा इंच दिसायला लागतं, मग एक. स्प्रिंगचा स्क्रू पाव आटा सोडला की आणखी हलका. रेग्युलेटर दातांत धरून श्वास घेतला की वाटतं, आपण काही ओढलंच नाही, विचार केला आणि हवा आली. आता पाऊण इंच. आता अर्धा. दुरुस्ती करणाऱ्यांची ही खास हाव आहे. प्रत्येकाला आपला रेग्युलेटर दुसऱ्याच्या रेग्युलेटरपेक्षा पाव इंच हलका हवा असतो, आणि ते पाव इंच ज्यांना पाण्यात कळतं अशी माणसं दुर्मिळ. तरी सगळे भांडतात. मला हा प्रकार अनोळखी नाही. आमच्या सोसायटीत भिशीच्या बायकांचं चकल्यांच्या खुसखुशीतपणावरून चालायचं.

पाव आटा, पाव आटा करत एका क्षणी रेग्युलेटर बाकावर ठेवलेला असतानाच सूं करायला लागतो. कुणी मागितलेलं नाही, कुणी जवळही नाही, तरी तो देतोय. आणि बाकावर गप्प बसलाच तरी पाण्यात बसेल याचा भरवसा नाही. उस्तादांनी मला हे का होतं ते कागदावर काढून दाखवलं, आणि तेव्हा मी थक्क झालो, कारण ते चित्र मार्न नदीचं होतं. डबीच्या आतल्या हवेचा दाब ठरतो तो बाहेर जाणारी झडप जिथे असेल तिथल्या पाण्याने. आणि पडद्यावर रेटा असतो तो पडदा जिथे असेल तिथल्या पाण्याचा. गान्याँ आणि कुस्तोने दोघांना जवळ आणलं, पण दोघं एकाच बिंदूत कशी बसतील? बोटभर अंतर राहतंच. माणूस पाण्यात उलटा झाला की पडदा खाली आणि झडप वर, एवढ्या बोटभर पाण्याचा रेटा पडद्यावर येतो. स्प्रिंगचा विरोध त्याहून कमी ठेवला असेल तर झडप उघडते आणि उघडीच राहते. म्हणून जितकं अंतर, तितका विरोध ठेवणं भाग. त्या इंचभर नकाराच्या जोरावर बाकी सगळं देणं चालतं.

मला हे कळल्यापासून काही माणसांबद्दलचं माझं मत बदललं आहे. आमच्या हिशेबखात्यात एक गृहस्थ होते. कुठलाही ॲडव्हान्स मागायला गेलं की आधी चष्मा काढायचे, पुसायचे, कॅलेंडरकडे बघायचे, मग म्हणायचे, "बघू." आणि द्यायचे. दर वेळी द्यायचे. आम्ही त्यांना खडूस म्हणायचो. आता वाटतं, त्यांचा स्क्रू बरोबर दीड इंचावर लावलेला होता.

दोन नळ्यांच्या डबीचा स्वभाव आणखी निराळा. ती तोंडाशी नसते, पाठीवर मानेखाली असते. पालथं पोहताना फुप्फुसं डबीपेक्षा खाली, म्हणून श्वास जरा ओढून घ्यावा लागतो. उताणं झालं की डबी खाली, हवा न मागता तोंडात येते. तोंडातला तुकडा काढून डोक्यावर धरला की भळाभळा वाहते. हा दोष कितीही बारीक ट्यूनिंग केलं तरी जात नाही. डबी पाठीला चिकटून आणि शक्य तितकी खाली बांधली की कमी होतो, इतकंच. एका नळीच्या रेग्युलेटरने, जो ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने १९५२च्या सुमाराला बाजारात आणला, पडदा थेट तोंडाशी आणून हा प्रश्नच मिटवला. आणि तरी दोन नळ्यांवर जीव टाकणारे लोक आहेत. त्यांचं म्हणणं, बुडबुडे मानेमागून जातात, डोळ्यांसमोर येत नाहीत, कानाशी खळखळत नाहीत. फोटो काढणाऱ्यांना ते फार सोयीचं. उस्ताद वेगळंच कारण देतात: यात हवा नुसती मिळत नाही, कशी पडलोय हे प्रत्येक श्वासाला कळतं.

त्या काळी टाकीतली हवा किती उरली हे दाखवणारं घड्याळही सगळ्यांकडे नसायचं. श्वास जड लागायला लागला की समजायचं, संपत आली. मग हात मागे नेऊन टाकीच्या कडेची एक तार ओढायची. राखून ठेवलेली शेवटची थोडी हवा मोकळी व्हायची आणि तिच्यावर वर यायचं. व्यवस्था छान, फक्त ती तार खाली उतरताना कशाला तरी अडकून आधीच ओढली गेली असेल तर मागे हात नेऊन काही मिळायचं नाही. उस्ताद हे सांगतात तेव्हा हसत नाहीत.

या छंदातल्या लोकांचे दोन पंथ आहेत. एक पंथ क्रोम पुन्हा चढवून डबी आरशासारखी करतो आणि काचेच्या कपाटात ठेवतो. दुसरा बाहेरून हात लावत नाही. पोचे, खरवड, कुणाची कोरलेली आद्याक्षरं, सगळं तसंच, आतून मात्र नवी कोरी. मी दुसऱ्या पंथाचा. कपाटातला रेग्युलेटर उघडून बघितला तर आत नेहमी जुना पडदा सापडतो, आणि चकचकीत वस्तूच्या आत कडक झालेलं रबर मला सहन होत नाही. नोकरीत आयुष्य गेलं की अशा खोडी लागतात.

आमची डबी उस्तादांनी ओळखीच्या एका तलावात नेऊन बुडवली. मी काठावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. ते तळाशी जाऊन पालथे झाले, कुशीवर झाले, उताणे झाले, तोंडातला तुकडा काढून पुन्हा घातला, वर आले आणि म्हणाले, डाव्या बाजूला जरा जड लागतोय. मी लगेच खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या टॉवेलमध्ये गुंडाळला. परतीच्या वाटेवर म्हणाले, तू पोहायला शीक. मी म्हटलं, व्हिसा संपत आलाय.

वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, परदेशातल्या एखाद्या मामाच्या ट्रंकेत, असा जुना रेग्युलेटर पडलेला असेल, तर विनंती आहे: हौसेने टाकीला जोडून त्यातून लगेच श्वास घेऊ नका, कडक झालेल्या रबरावर आणि आतल्या हिरव्या मिठावर विश्वास ठेवू नका. जाणत्या माणसाकडून उघडून घ्या. त्याने सगळ्या ओ-रिंगा आणि पडदा बदलला का, पहिल्या टप्प्याचा दाब घड्याळ लावून तपासला का, हे विचारा. उत्तर देताना तो चिडला तर माणूस चांगला आहे असं समजा. पहिली बुडी उथळ तलावात, आणि शेजारी दुसरा पाणबुड्या चांगली टाकी आणि चालू रेग्युलेटर लावून. आणि आणखी पाव आटा सोडावासा वाटला, तर सोडू नका.